आला असेल, यावा, गेलो असतो

सेकंड इयरला हौसेनं स्पॅनिश शिकायला घेतलं. जळगावच्या होस्टेलवर, थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकाआड लपवून! पहिले धडे सोपे गेले. गाडी अडली ती पूर्ण भविष्यकाळाशी. 'आब्रा येगादो' म्हणजे 'तो पोहोचलेला असेल'. पण तेच रूप 'एव्हाना पोहोचला असेल' अशा अंदाजालाही चालतं! घडून गेलेल्या गोष्टीला भविष्यकाळ? डोकं चालेना.

मग धुळ्याची आजी आठवली. शनिवारी मी एस.टी.नं घरी निघालो, की ती ओट्यावर बसून म्हणायची, "पोऱ्या पारोळाले ऊना व्हई." ना फोन, ना निरोप. पण तिचं 'व्हई' म्हणजे आपलं 'असेल'. तोच काळ, तोच अंदाज!

पुढे सब्जंक्टिव्ह आला. 'ब्येने' म्हणजे तो येतो. पण 'त्यानं यावं अशी माझी इच्छा आहे' म्हणायचं, तर 'बेंगा'. अरे, हा तर आपला विध्यर्थ! 'येतो' हे घडतं, 'यावं' हे नुसतं मनात असतं. आजीचं वाट बघणं सगळं या 'यावं'मध्येच होतं.

शेवटचा धडा सब्जंक्टिव्हच्याच भूतकाळी रूपाचा: 'सि उब्येरा ईदो', 'मी गेलो असतो तर'. मराठीत संकेतार्थ. एका शनिवारी सबमिशनपायी मी धुळ्याला गेलो नाही. त्या संध्याकाळीही आजी ओट्यावर बसून तेच म्हणत होती, असं आईनं नंतर सांगितलं. सोमवारी आजी गेली.

हा धडा मला कोणी समजावून द्यावा लागला नाही.