टांगता कंदील

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपले वाडवडील सांगून गेले आहेत. हल्लीं मध्यम स्थितींतला मनुष्य घर बांधीत नाहीं. तें बांधलेलें विकत घेतो आणि पुढें वीस वर्षें त्याचे हप्ते फेडतो. तेव्हां या म्हणीचा पूर्वार्ध आपल्यापुरता निकालांत निघाला, अशी आमची समजूत होती. परंतु घर बांधण्याचें संकट टळलें म्हणून तें नटविण्याचें टळत नाहीं. आणि त्यांतही दिव्यांची निवड हें प्रकरण दिसतें तितकें सोपें नाहीं, हें आम्हांस खारघरास राहावयास आल्यावर कळून चुकलें.

खारघर हें डोंगराच्या कुशींत वसविलेलें उपनगर. 1970 सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें नवी मुंबई आंखली, तिचाच हा एक भाग. 2016 पासून तो पनवेल महानगरपालिकेंत मोडतो. पावसाळ्यांत पांडवकड्याचा धबधबा पाहावयास येथें लोक लांबून येतात. आमच्या गॅलरींतून मात्र डोंगराची एक कड तेवढी दिसते. बाकी सर्व समोरच्या इमारतींच्या खिडक्या. दिवेलागणीला त्या एकामागून एक उजळतात, आणि बहुतेक सर्वांतून सारखाच निळसर पांढरा उजेड बाहेर पडतो. आमच्या घरांतही तोच होता. त्या उजेडांत मेथी निवडतांना एकही पिवळें पान नजरेंतून सुटत नसे, हें खरें. पण जेवावयास बसलेलीं घरचीं माणसें नुकतींच दुखण्यांतून उठल्यासारखीं दिसत.

यावर आमच्या सौभाग्यवतींनीं उपाय सुचविला. दिवाणखान्यांत आणि खोल्यांकडे जाणाऱ्या पॅसेजमध्यें कंदिलाच्या घाटाचे दिवे छतास टांगावे, असा त्यांचा ठराव होता. आम्हीं त्यास तत्काळ अनुमोदन दिलें. याचें एक कारण आमच्या माळ्यावर होतें. आमच्या आईनें कऱ्हाडकडील गांव सोडतांना सामानाबरोबर एक जुना ‘प्रभाकर’ कंदील आणला होता. आजच्या तरुण वाचकांस हें नांव परकें वाटेल. स्वदेशीच्या चळवळीनें ज्या कारखान्यांना बळ दिलें, त्यांत काचेचेही कारखाने होते. पैसा फंडाच्या वर्गणींतून 1908 सालीं तळेगांवास एक निघाला, आणि ओगले बंधूंनीं 1916 सालीं काढलेला कारखाना कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीस भरभराटला. परदेशी कंदिलांशीं टक्कर देणारा ‘प्रभाकर’ तो या ओगलेवाडीचा. बाजूंच्या दोन नळ्यांतून त्याच्या वातीला हवा मिळते आणि काचेमुळें वारा ज्योतीस थेट झोंबत नाहीं; म्हणून तो हातांत घेऊन भर वाऱ्यांत चालतां येतें.

दिवे पाहावयास आम्ही हार्बर लाइननें मुंबईस जाऊन लोहार चाळींत शिरलों. तेथील एका दुकानांत छताकडे पाहून आमची मान अवघडली. काचेच्या हंड्या होत्या, काळ्या लोखंडाचे चौकोनी कंदील होते, आणि पितळेचे जाळीदार कंदील होते. दुकानदारानें त्यांतला एक पेटवून दुकानांतले बाकीचे दिवे मालविले, तेव्हां भिंतींवर, जमिनीवर आणि आमच्या सदऱ्यावरही वेलबुट्टी उमटली. सौदा तेथेंच ठरला. आमच्या जुन्या कंदिलाची हकीकत ऐकून तो म्हणाला, “घेऊन या, टाकीला एक भोंक पाडूं, वायर ओवूं, झाला इलेक्ट्रिकचा!” ही कल्पनाही आम्हांस पसंत पडली.

घरीं येऊन आईजवळ गोष्ट काढली. ती म्हणाली, “पाड कीं भोंक. पण मग त्यांत तेल कोठें घालशील?” आतां रॉकेल तरी कोठें सहज मिळतें, हें आमच्या ओठांवर आलें होतें, पण आम्ही गप्प राहिलों आणि कंदील माळ्यावर परत गेला.

दिवा टांगणें हें एक शास्त्र आहे, हें आम्हांस वायरमननें शिकविलें. तो अगदीं तरुण होता, पण शिडीवर चढण्यापूर्वीं त्यानें मुख्य बटण खालीं पाडून टेस्टरनें खात्री करून घेतली, तेव्हांच त्याच्याविषयीं आमचें मत चांगलें झालें. आमच्या घरास जिप्समचें खोटें छत आहे. “काका, हा तक्ता स्वतःचंच वजन कसाबसा सांभाळतो,” तो म्हणाला, “तीन किलोचा दिवा याला लावला, तर एक दिवस दोन्ही खाली येतील.” मग त्यानें तक्त्यास भोंक पाडून वरच्या काँक्रीटच्या स्लॅबमध्यें फास्टनर ठोकला, त्यांत हूक बसविला आणि स्वतः त्यास लोंबकळून पाहिलें. धातूच्या दिव्यास अर्थिंगची तार हवीच. बांधणारानें ती छतापर्यंत आणलेली नव्हती, म्हणून बोर्डापासून नवी हिरवी तार ओढावी लागली. आमच्या घरांतले बल्ब खिट्टीचे आणि या कंदिलाचा होल्डर आट्यांचा, म्हणून बल्बही नवा आला. त्याच्या खोक्यावर 2700 केल्व्हिन असा आंकडा होता. हा आंकडा 6500 असला कीं उजेड निळसर पांढरा पडतो, 2700 असला कीं जुन्या तारेच्या बल्बासारखा पिवळसर. इतके दिवस घरचीं माणसें आजारी कां दिसत, याचा उलगडा आम्हांस त्या खोक्यावर झाला. शेवटीं उंचीचा हिशेब. छत नऊ फूट, त्यांतून खोट्या छतानें अर्धा फूट खाल्लेला, कंदील सव्वा फूट. खालून जाणाऱ्यास जमिनीपासून सात फूट मोकळे राहावे, म्हणून तीन इंच सांखळी ठेवून बाकीची त्यानें तोडून टाकली.

असा सर्व हिशेब झाला. एकच गोष्ट कोणीं विचारली नाहीं; ती पुढें कळली.

पहिले चारपांच दिवस आमच्या कंदिलाचें कौतुक होत राहिलें. शेजारचीं मंडळी येऊन पाहून गेलीं. पॅसेजमध्यें पाऊल टाकलें कीं पायांखालीं काळ्यापिवळ्या नक्षीचा गालिचा पसरल्याचा भास होई. आई मात्र अलीकडे जेवण होतांच आपल्या खोलींत जाऊन पडूं लागली होती. तिचें वय ऐशींच्या पुढें. दोन वर्षांपूर्वीं एका डोळ्यांतला मोतीबिंदू काढला आहे, दुसऱ्यांत अजून आहे. थकली असेल, असें आम्हीं मनाशीं म्हटलें आणि नक्षी पाहत बसलों.

सहाव्या रात्रीं पॅसेजमध्यें कांहीं तरी पडल्याचा आवाज झाला. धांवत जाऊन पाहतों तों आई भिंतीशीं बसलेली, डावें मनगट उजव्या हातांत धरलेलें. हाड मोडलें होतें. प्लास्टर घालून पहांटे घरीं आलों, तेव्हां आम्हीं तिला विचारलें, “पाय घसरला का?” ती ओशाळल्यासारखी म्हणाली, “घसरला नाहीं रे. खालीं जाळी दिसते मला. कोठें खळगा आहे, कोठें जमीन आहे, कळत नाहीं. रोज ओलांडून जात होतें, आज चुकलें.”

“मग सांगितलें कां नाहींस?”

“तुम्ही दोघांनीं इतक्या हौसेनें आणलेला. काय सांगायचें!”

त्यावर बोलण्यासारखें आम्हांपाशीं कांहीं नव्हतें. ज्या नक्षीवर आम्ही भाळलों होतों, तीच अंधुक डोळ्यांना खड्ड्यांनीं भरलेली वाट होती. आणि आमची माय ती वाट पांच रात्रीं आमच्या हौसेखातर मुकाट्यानें तुडवीत होती.

त्याच दिवशीं वायरमनला पुन्हां बोलावलें. त्यानें प्लास्टरकडे पाहिलें, मग छताकडे पाहिलें. “काका, आधी आजींना विचारलं होतंत का?” त्यानें सहज विचारलें. आम्हीं विचारलें नव्हतें. घरांत त्या वाटेनें रात्रीं सर्वांत अधिक वेळां जाणारें माणूस तेंच होतें. जाळीचा कंदील आतां दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत, जेथून कोणाची वाट नाहीं अशा जागीं टांगला आहे. पॅसेजमध्यें दुधी काचेचा साधा कंदील आला. त्याची सावली कोठेंही तुटक पडत नाहीं. शिवाय भिंतीच्या तळाशीं एक लहानसा दिवा रात्रभर जळतो. या दिव्याचें कौतुक करावयास शेजारचें कोणी आलें नाहीं.

प्लास्टर निघाल्यावर एके दिवशीं आईनें माळ्यावरचा ‘प्रभाकर’ खालीं काढावयास लावला. काच पुसण्यास हाताला व्यायाम होतो, असें तिचें म्हणणें. पुसतां पुसतां ती बोलूं लागली. लग्न होऊन आली तेव्हां गांवांत वीज नव्हती. रात्रीं मळ्यांतून घरीं येतांना तिचे सासरे, म्हणजे आमचे आजोबा, कंदील घेऊन पुढें चालत, मागें बायकामुलें.

“ते कंदील असा धरीत,” असें म्हणून तिनें तो रिकामा कंदील उजव्या हातानें उचलला आणि गुडघ्याच्याही खालीं, जरा मागच्या बाजूस नेला. “तोंडापुढें धरला तर धरणाऱ्याचेच डोळे दिपतात. त्यांना वाट पाठ होती. उजेड मागच्यांना हवा असे.”

तिचा हात थोडा थरथरत होता. आम्हीं कंदील तिच्या हातांतून घेतला आणि आतां तो माळ्यावर ठेविला नाहीं. तिच्या खोलीच्या दाराशीं, खालीं, जमिनीवरच ठेविला आहे.