कूळ शोधताना

रिचमंडच्या ब्रॉड स्ट्रीटवर व्हर्जिनिया राज्याचं मोठं ग्रंथालय आहे. गेल्या हिवाळ्यात सलग सात शनिवार मी तिथे मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे बसले. रीळ फिरवायचं, सतराव्या शतकातलं एक पान पडद्यावर आणायचं, अक्षर लागेना की मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून बघायचा. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तुझं तिथे कोण आहे एवढं शोधायला?"

तसं कोणीच नाही. सुरुवात झाली ती एका नावावरून. इंग्रजांच्या या वसाहतीत १६३०च्या दशकात जॉर्ज मेनेफी नावाचा एक बडा जमीनदार होता. त्याच्या जमिनीच्या सनदेत माणसांची यादी आहे आणि तिच्यात एक नोंद आहे, 'टोनी, ईस्ट इंडियन'. शिवाजी महाराज बालवयात होते त्या काळात आपल्या बाजूचा एक माणूस इथे जेम्स नदीच्या काठावर राबत होता! मला वाटलं, याचं पुढे काय झालं ते शोधून काढू.

शोधायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी, की ती यादी मुळात टोनीसाठी केलेलीच नव्हती. व्हर्जिनियात १६१८पासून नियम होता, स्वखर्चाने एक माणूस वसाहतीत आणला की आणणाऱ्याला पन्नास एकर जमीन. डोईमागे पन्नास एकर. मेनेफीने जितकी डोकी मोजून दिली, तितकी जमीन घेतली. टोनी त्या कागदावर आहे तो पन्नास एकरांच्या हिशेबापुरता. मला त्याचा पुढे माग लागला नाही.

ग्रंथालयात नेहमी येणाऱ्या एक वयस्क बाई होत्या. निवृत्त शिक्षिका, आफ्रिकन अमेरिकन, स्वतःच्या घराण्याचा शोध घेत बरीच वर्षं येणाऱ्या. माझा पडलेला चेहरा बघून म्हणाल्या, "एकट्या माणसामागे लागू नकोस. एक कुटुंब धर, आणि कुटुंबाच्या आधी त्यांची जमीन धर." त्यांनीच मला नॉर्थहॅम्प्टन काउंटीचं रीळ काढायला सांगितलं. व्हर्जिनियातल्या कितीतरी काउंट्यांची दप्तरं आगीत आणि युद्धात गेली. १८६५मध्ये रिचमंड जळलं तेव्हा वसाहतीच्या वरिष्ठ न्यायालयाचं बहुतेक दप्तरही गेलं. पण चेसापीक खाडीपलीकडच्या या काउंटीच्या कोर्टाच्या वह्या १६३२पासून सलग शाबूत आहेत. अमेरिकेत इतकं जुनं सलग कोर्टाचं दप्तर दुसरं नाही.

त्या वह्यांमध्ये मला जॉन्सन कुटुंब भेटलं. इथल्या इतिहासाच्या अभ्यासकांना ते चांगलं माहीत आहे. मला नव्हतं.

त्यांची गोष्ट कोर्टाच्याही आधी सुरू होते. १६२५च्या सुमारास वसाहतीतल्या सगळ्या माणसांची मोजदाद झाली. त्यात बेनेट नावाच्या मालकाच्या मळ्यावर दोन नावं आहेत. 'अँटोनिओ, निग्रो', १६२१मध्ये 'जेम्स' जहाजातून आलेला. 'मेरी, निग्रो बाई', १६२२मध्ये 'मार्गरेट अँड जॉन' जहाजातून आलेली. आडनाव नाही, गाव नाही, वय नाही. मार्च १६२२मध्ये पोहॅटन लोकांनी इंग्रजांच्या वस्त्यांवर हल्ला केला, त्यात बेनेटच्या मळ्यावरची बहुतेक माणसं मारली गेली. अँटोनिओ वाचला.

मग पंचवीसेक वर्षं जवळजवळ शांतता. आणि जुलै १६५१मध्ये नॅसवॅडॉक्स खाडीजवळच्या अडीचशे एकरांची सनद अँथनी जॉन्सन या नावाने निघते. अँटोनिओचा अँथनी झाला आहे, मेरी त्याची बायको आहे, दोघं मुक्त आहेत, मुलंबाळं आहेत. दोन टोकांच्या मधे कुठलाही कागद 'हाच तो' असं म्हणत नाही. इतिहासकारांनी बायकोचं नाव, वसाहतीतली वर्षं, शेजारपाजार यांची सांगड घालून हा पूल बांधला आहे, आणि बहुतेकांना तो मान्य आहे. घराण्याचा शोध म्हणजे बराचसा असे पूल बांधणं, आणि त्यावर किती वजन टाकायचं हे ओळखणं.

अडीचशे एकर म्हणजे पाच डोकी. सनदेत पाच नावं आहेत. त्यातलं एक नाव रिचर्ड जॉन्सन, आणि अँथनीच्या एका मुलाचं नावही रिचर्डच. बापाने मुलाचं डोकं मोजून जमीन घेतली असेल का? असेलही. पण हे हक्क विकत घेता येत, विकता येत. यादीत नाव आहे म्हणून तो माणूस त्याच वर्षी, त्याच मालकाबरोबर बोटीतून उतरला असं धरून चालत नाही. बाईंनी माझ्या वहीत हे मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

मग कोर्टाच्या वहीत फेब्रुवारी १६५२ची नोंद लागली. खरं म्हणजे ती आपल्या हिशेबाने १६५३ची. तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या तारखा वाचताना वर्ष जपून धरावं लागतं. जॉन्सनच्या मळ्यावर आग लागली होती, मोठं नुकसान झालं होतं. त्याने कोर्टाकडे दाद मागितली. व्हर्जिनियात १६४३पासून आफ्रिकन बायकांवरही डोईपट्टी होती, इंग्रज बायकांवर नव्हती. कोर्टाने मेरीला आणि तिच्या दोन मुलींना ती पट्टी आयुष्यभरासाठी माफ केली. कारण काय लिहिलं आहे? हे कुटुंब तीस वर्षांहून अधिक काळ इथे राहतं आहे, कष्टाळू आहे.

त्या दिवशी मी तरंगतच घरी आले. जहाजातून आणलेला एक माणूस, विकलेला, आणि तीस वर्षांनी तोच अडीचशे एकरांचा मालक. इंग्रजांचं कोर्ट त्याच्या बायको-मुलींना इंग्रज बायकांच्या बरोबरीला बसवतं. मी आईला रात्री तासभर हे सांगत होते. तीही खूश झाली. "म्हणजे जिद्द हो," म्हणाली.

पुढच्या शनिवारी तीच वही दोन वर्षं पुढे सरकवली.

जॉन केसर नावाचा एक काळा माणूस जॉन्सनच्या मळ्यावर राबत होता. १६५४मध्ये त्याने तक्रार केली की आपण सात-आठ वर्षांच्या कराराने आलो होतो, मुदत कधीच संपली, आणि जॉन्सनने आपल्याला त्यावर सात वर्षं धरून ठेवलं आहे. कॅप्टन गोल्डस्मिथ नावाच्या माणसासमोर हे झालं, आणि त्याचा जबाब दप्तरात आहे. जॉन्सनचं म्हणणं, करार वगैरे काही नाही, हा जन्मभरासाठी माझा. रॉबर्ट पार्कर आणि जॉर्ज पार्कर हे शेजारी केसरच्या बाजूने उभे राहिले. बायकोने, दोन मुलांनी आणि जावयाने समजावल्यावर अँथनीने केसरला सोडलं. तो रॉबर्ट पार्करकडे कामाला गेला. मग अँथनीचं मन फिरलं. त्याने पार्करवर दावा लावला. ८ मार्च १६५५ला निकाल लागला. केसरने मालकाकडे परत जावं, पार्करने खर्च भरावा.

मी यंत्र बंद केलं.

इंटरनेटवर या निकालाला कोणी कोणी 'अमेरिकेतला पहिला गुलाम' म्हणतं, आणि तो मालक काळा होता हे मिटक्या मारत सांगतं. ते खरं नाही. १६४०मध्येच जॉन पंच नावाच्या काळ्या चाकराला पळून गेल्याबद्दल जन्मभराच्या चाकरीची शिक्षा झाली होती. त्याच्याबरोबर पळालेल्या दोघा युरोपियनांची मुदत फक्त वाढवली होती. आणि पार्कर बंधूंना केसरचा कळवळा होता की फुकट हात हवे होते, हेही मला ठाऊक नाही. मी घरी येऊन अशी कारणं जुळवत बसले. अँथनीने काय बघितलं होतं आयुष्यात? ज्या गावात टिकायचं तर मालकच व्हावं लागतं, तिथे तो मालक झाला. सगळी कारणं बरोबर होती. तरी केसर त्यांत कुठे मावत नव्हता.

इथे मला माझ्या फोनमधल्या एका पीडीएफबद्दल सांगायला हवं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावची थोडी जमीन विकायची ठरली आहे. मी आणि माझ्या चुलत बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या आहेत. घेणाऱ्याच्या वकिलाने जुने उतारे मागितले म्हणून काकांनी तहसील कचेरीतून नकला काढल्या आणि सगळ्यांना पाठवल्या. मी त्या उघडूनही धड बघितल्या नव्हत्या. आमच्या घरात त्या जमिनीची एकच गोष्ट सांगितली जाते. कूळकायदा आला, कसेल त्याची जमीन झाली, आजूबाजूच्यांच्या जमिनी गेल्या, पण पणजोबांनी हुशारीने आपली राखली. दर सुट्टीत ऐकलेली गोष्ट.

त्या रात्री ती पीडीएफ उघडली. १ एप्रिल १९५७ला, कृषक दिनी, कूळ मालक होणार होतं. आमचा फेरफार त्याच्या वर्षभर आधीचा आहे. कुळाने राजीखुशीने राजीनामा दिला आहे, सबब कुळाचे नाव कमी केले. जुन्या सातबाऱ्यावर एक नाव आहे, त्यावर आडवी रेघ आहे. एवढंच. त्या काळात असे राजीखुशीचे राजीनामे किती झाले आणि त्यातली खुशी कोणाची होती, यावर महाराष्ट्रात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी ते वाचलंही होतं, परीक्षेपुरतं.

सातव्या शनिवारी मी जॉन्सनांचं उरलेलं रीळ संपवलं. १६६०च्या दशकात अँथनी आणि मेरी बहुतेक जमीन विकून उत्तरेला मेरीलँडमध्ये गेले. तीनशे एकर भाड्याने घेतले, त्याला नाव पडलं 'टोनीज व्हिनयार्ड'. केसरही त्यांच्याबरोबर गेला. मागे पन्नास एकर रिचर्डसाठी ठेवले. १६७०मध्ये अँथनी वारला. त्याच ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात पंच बसले आणि त्यांनी ठरवलं की अँथनी निग्रो होता, त्यामुळे परकी होता, आणि परक्याची जमीन राजाकडे जाते. रिचर्ड बायकोमुलांसह त्या जमिनीवर राहत होता. जमीन गेली जॉर्ज पार्करकडे. एकेकाळी याच कुटुंबाची तीस वर्षांची वस्ती नोंदवणाऱ्या खाडीपलीकडच्या त्याच मुलखात, त्याला मेल्यावर परकं ठरवलं गेलं. इंग्रजीत तिथे जो शब्द आहे, तोच माझ्या इमिग्रेशनच्या कागदांवरही आहे. मी तो दर वर्षी फॉर्मवर भरते आणि कधी थबकले नव्हते.

मेरीने टोनीज व्हिनयार्डचा करार नव्व्याण्णव वर्षांचा करून घेतला. मेरीलँडच्या दप्तरात केसरच्या गुरांच्या कानावरची खूण त्याच्या स्वतःच्या नावाने नोंदलेली आहे. म्हणजे त्याच्याकडे निदान गुरं तरी होती. १६७७मध्ये नातवाने, धाकट्या जॉन जॉन्सनने, चव्वेचाळीस एकर विकत घेतले आणि त्या जमिनीला नाव दिलं 'अंगोला'. आजा कुठून आला असावा हे सांगणारा सबंध दप्तरातला हा सगळ्यात जवळचा कागद, आणि तो जमिनीच्या खरेदीचा आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे कुटुंब नोंदींमधून नाहीसं होतं. तोवर कायदे बदलले होते. १६६२पासून मूल आईच्या दर्जाचं, गुलाम आईचं मूल गुलाम. १६९१पासून एखाद्याला मुक्त करायचं तर सहा महिन्यांत वसाहतीबाहेर पाठवायची अट. असा अँथनी पुन्हा घडू नये, अशी व्यवस्था झाली होती.

ग्रंथालयातल्या बाईंना मी विचारलं, केसरचं वाचल्यावर तुम्हाला काय वाटलं होतं? त्या म्हणाल्या, "माझ्या लोकांपैकी कोण निघेल याची अट घालून मी शोधायला बसले नव्हते." मग थोड्या वेळाने, "पण तो पळून का गेला नाही, असं मात्र कोणी विचारू नये. तो कोर्टापर्यंत गेला होता."

मी काकांना फोन केला. म्हटलं, राजीनाम्याबरोबर कुळाचा जबाब घेतलेला असेल, त्याची नक्कल मिळेल का? काका जरा गप्प झाले. "जुनं उकरून काय मिळणार बाळा? जमिनीला काही अडचण नाही. तू सही करून पाठव." मी म्हटलं, पाठवते, पण नक्कल हवी. त्यांनी नाइलाजाने अर्ज केला. माझे काका भले माणूस आहेत. तीन आठवड्यांनी फोटो आला.

अर्ध्या पानाचा जबाब. मजकूर कारकुनाच्या अक्षरात, वाक्यं सरकारी, खाली अंगठा. वर आमच्या पणजोबांचं नाव तीन वेळा आहे, त्यांचं एकदा. ते नाव मी इथे लिहीत नाही. आडनावावरून घर ओळखू आलं. ओढ्यापलीकडचं. त्यांच्या नातीबरोबर मी लहानपणी मे महिन्यात चिंचा पाडायला जायची.

तिचा नंबर मी गावाच्या ग्रुपमधून मिळवला आहे. हक्कसोडपत्र अजून टेबलावर आहे. आधी तिला फोन करायचा आहे, आणि पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचत नाहीये.