टेप, मान आणि कंबर

शरीरातील चरबीचे प्रमाण घरी काढायला एक मऊ टेप आणि तीन मापे पुरतात: मान, कंबर आणि उंची. स्त्रियांसाठी नितंबांचा घेरही लागतो आणि सूत्र वेगळे असते. ही रीत १९८४ मध्ये हॉजडन आणि बेकेट यांनी अमेरिकी नौदलासाठी बसवली. चरबी वाढली की पुरुषाची कंबर सुटते, मान तेवढी जाड होत नाही. या दोन मापांतल्या फरकावर या रीतीचा हिशेब चालतो.

प्रस्तुत लेखक चिंचोळी एमआयडीसीत जॉबची, म्हणजे यंत्रावर घडवलेल्या भागांची, मापे तपासण्याच्या कामावर आहे. उंची ६७ इंच, वजन ६५ किलो. उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे सारे ठीक, पण पँटचे हूक लागेनासे झाले होते. पहिले माप खिशातल्या स्टीलच्या टेपने घेतले. ताठ पाते पोटाच्या गोलाईला बसेना, बाजूला पोकळी राहिली. मग शिंप्याकडचा टेप आणला. असा टेप वापरून लांबतो, म्हणून तो आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून घ्यावा.

गरम जॉब कोणी मापत नाही. तो गार होऊ देतात. शरीराचेही तसेच. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी माप घ्यावे. टेप उघड्या अंगावर टेकावा, रुतू नये. मान कंठमण्याच्या खाली मापावी. पुरुषांनी कंबर बेंबीच्या रेषेत मापावी, स्त्रियांनी सर्वांत बारीक जागी. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचावा. तीन मापे घेऊन सरासरी काढावी.

पुरुषांसाठी, इंचांत, सूत्र असे: ८६.०१० × लॉग (कंबर − मान) − ७०.०४१ × लॉग (उंची) + ३६.७६. लॉग दहाच्या पायाचा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर मिळतो. लेखकाची कंबर ३५.५ आणि मान १४.५ इंच; उत्तर २२.६ टक्के, म्हणजे ६५ किलोंत सुमारे १४.७ किलो चरबी. आदल्या दिवशी नकळत पोट आत ओढले गेले होते. तेव्हा कंबर ३४ भरली आणि उत्तर १९.८ आले. दीड इंचाने जवळपास तीन टक्क्यांचा फरक पडला.

वजन बेताचे असूनही चरबी जास्त, हे भारतीय शरीराचे ओळखीचे लक्षण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३ होता, चरबी मात्र अनुक्रमे २१.२ आणि ९.१ टक्के. ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. भारतीय शरीराच्या या लक्षणामुळेच भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात. लेखकाची कंबर ९० सेंटिमीटरच्या किंचित पुढे होती. वजनकाट्याने हे कधीच दाखवले नव्हते.

टेपचे उत्तर तीन-चार टक्के इकडेतिकडे होऊ शकते. त्यामुळे एका आकड्यावर निष्कर्ष काढू नये. तोच टेप, तीच वेळ, तीच जागा ठेवून महिन्यातून एकदा माप घ्यावे आणि वहीत तारखेसह लिहावे. कंबर मर्यादेपलीकडे असेल, तर रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.