साठवणीचे वाटेकरी

सोलापूरच्या पावसाची एक खोड आहे. बाकी महाराष्ट्रात जून-जुलै गाजतात. इथे आभाळाला पाझर फुटतो तो भाद्रपदात. सप्टेंबर हा इथला सगळ्यांत ओला महिना. गणपती भिजतात, पितृपक्ष चिखलात जातो आणि घटस्थापना उंबऱ्याशी आली की एकदम ऊन तापायला लागतं. जमिनीत ओल तशीच, वरून मात्र कडक ऊन. या पंधरा-वीस दिवसांत किडामुंगीचं अख्खं गणगोत जागं होतं. संध्याकाळी दिवा लावला की भोवती पाखरं, सकाळी दिव्याखाली पंखांचा खच. साखरेच्या डब्याकडे मुंग्यांची रांग, मोरीच्या जाळीतून वर येणारी झुरळाची मिशी, आणि पिठाच्या चाळणीत वळवळणारं काहीतरी.

आपला मुलूख वाळवंट नाही, पण वाळवंटाचा लांबचा नातेवाईक आहे. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढगांजवळ फारसं काही उरत नाही. जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात. कोकणात तेवढा पाऊस जुलैच्या एका पंधरवड्यात पडून जातो. अशा मुलखातला माणूस साठवणारा होतो. पाणी साठवतो, ज्वारी साठवतो, कपडालत्ता साठवतो, मोडकी छत्रीसुद्धा टाकवत नाही. पुढचं वर्ष कसं जाईल याचा भरवसा नसला की घर हळूहळू कोठार बनतं. आणि मला वाटतं, किडा आपल्या घरावर येत नाही, तो आपल्या साठवणीवर येतो. त्याला हाकलायचं तर फवाऱ्याच्या आधी साठवणीकडे बघायला हवं.

आधी ज्वारीचंच बघा. आपली खरी ज्वारी रब्बीची, शाळू. फेब्रुवारी-मार्चात काढणी होते, एप्रिलच्या उन्हात वाळवून वर्षाची भरून ठेवतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सोंड्यांना तिची चव त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. दाताखाली कट्कन फुटणारा कोरडा दाणा सोंड्याला सोसत नाही. दाण्यातली ओल शेकडा ९-१०च्या खाली असेल तर त्याची वीण वाढत नाही. पण पावसाळाभर दमट हवेत ठेवलेला दाणा हळूहळू ओल ओढतो, मऊ पडतो. मग मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट लुकण लावून भोक बुजवून टाकते. बाहेरून दाणा शाबूत. आत अळी जन्मते, पीठ खाते, तिथेच कोश करते आणि महिन्याभराने भिंत फोडून बाहेर पडते. म्हणजे पोत्यावर पहिला सोंडा चालताना दिसतो, तेव्हा आतलं बारसं-लग्न सगळं उरकलेलं असतं.

नवरात्राआधी घरं झाडून-पुसून काढायची, धान्याला ऊन दाखवायचं, ही रीत देवीसाठी म्हणून आपण पाळतो. तिची वेळ मात्र सोंड्याच्या वेळापत्रकाशी तंतोतंत जुळते. पावसाळ्याची ओल संपते आणि ऊन धरतं, नेमकी तीच वेळ. गच्चीवर धोतर किंवा जुनी चादर पसरायची, ज्वारीचा थर बोटभरच ठेवायचा आणि तासातासाने अनवाणी पायाने तीत ओळी ओढत फिरायचं. जाड थर केला तर वरचा दाणा तापतो आणि खालच्या गारव्यात किडा आरामात बसतो. दुपारी ज्वारीतून चालताना तळव्याला चटका बसला पाहिजे, तेव्हा आतल्या अळीलाही बसतो. एवढं करूनही पुष्कळजण शेवटी फसतात: ऊन उतरायच्या आत, गरम असतानाच ज्वारी डब्यात भरतात. गरम दाण्याला झाकणाखाली घाम सुटतो आणि वाळवलेलं सगळं फुकट जातं. संध्याकाळी दाणा पुरता निवू द्यायचा, चाळायचा, मगच भरायचा. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत वाळवलेला. ओला पाला घालणं म्हणजे किड्याच्या घरी पाणी भरण्यासारखं आहे.

डाळींची गोष्ट वेगळी. भुंगा आपली अंडी दाण्याच्या पाठीवर चिकटवतो; म्हणून डाळीला एरंडेलाचा हात लावतात, त्याने अंडी गुदमरतात. बियाण्यात राख मिसळायची जुनी पद्धत तर या मुलखाला शोभणारी. किड्याच्या अंगावर मेणासारखं पातळ आवरण असतं, ते त्याची ओल धरून ठेवतं. राखेच्या कणांनी ते खरवडलं जातं आणि किडा कोरडा पडून मरतो. दुष्काळी माणसाने शत्रूला मारायचा शोधलेला उपायही तहानेचाच.

हल्ली मात्र दुकानात 'पोत्यात ठेवायची गोळी' मागणारे भेटतात. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची ती गोळी हवेतली ओल लागली की फॉस्फिन नावाचा विषारी वायू सोडते. गोदामात, शिकलेल्या माणसाने, माणसं बाहेर काढून वापरायची ती वस्तू. झोपायच्या खोलीतल्या पोत्यात ती ठेवल्याने सोंड्यांबरोबर माणसंही दगावली आहेत. आमच्या आळीतल्या एका काकूंनी ती गोळी आणायला मुलाला धाडलं, तेव्हा पिठाच्या गिरणीवाल्यानेच त्याला परत फिरवलं. "आईला सांग, ऊन फुकट आहे, तेच दाखवा म्हणावं."

कापडाचा वाटेकरी कसर. सोलापुरात प्रत्येक घरात चादरींची एक चळत असतेच, पाहुण्यांसाठी राखलेली. चादर सुती, त्यामुळे लोकर-रेशीम खाणारा पतंग तिच्याकडे ढुंकून बघत नाही. त्याचा डोळा शालूवर आणि शालीवर. पण खळ दिलेल्या कापडावर, पुस्तकांच्या बांधणीवरच्या डिंकावर त्या चंदेरी, मासोळीसारख्या सळसळत्या कसरीचा जीव. ती अंधारात आणि दमटात राहते. म्हणून ठेवणीतले कपडे खळ काढून, धुऊन, खडखडीत वाळवून ठेवायचे, आणि ट्रंक भिंतीला न चिकटवता विटांवर उचलून ठेवायची. डांबराच्या गोळ्यांवर फार भिस्त नको. उग्र वासाने किडा जातो की नाही हे नंतर, डोकं मात्र आधी चढतं.

सगळ्यांत अवघड साठवण पाण्याची. उजनी धरणाचं पाणी शंभराहून अधिक किलोमीटर लांबून नळीतून येतं आणि शहरात बहुतेक ठिकाणी ते रोज नळाला येत नाही. त्यामुळे प्रत्येक घराच्या दाराशी पिंप, मोरीत हौद, गच्चीवर टाकी, जिन्याखाली आणखी दोन ड्रम. डेंग्यूचा डास याच पाण्याचा. गटाराचं घाण पाणी त्याला नको, आपण जपून साठवलेलं स्वच्छ पाणी हवं. मूळचा आफ्रिकेतला हा डास जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून समुद्र ओलांडून जगभर पसरला, असं शास्त्रज्ञ मानतात. पिंपाशी त्याची मैत्री आपल्यापेक्षा जुनी आहे.

मादी अंडी घालते ती पाण्यात नाही, पाण्याच्या रेघेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या भिंतीवर. बोटाला लागतील न लागतील असे काळे ठिपके. पिंप सुकलं तरी ती अंडी मरत नाहीत, कित्येक महिने तशीच टिकतात. पाणी चढून त्यांना लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि आपण काय करतो? नळ आला की पिंप अर्धं भरलेलं असताना वरून ताजं पाणी सोडतो. जुन्या पाण्यावर नवं पाणी, असं महिनोन् महिने. तळाशी गाळ, कडेला ठिपके, मध्ये उलटसुलट नाचणाऱ्या अळ्या. आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा. जिथे पाणी रोज येतं तिथे हे सोपं. इथे चांगलं पाणी ओतून द्यायचं म्हटलं की बाईचा हात थरथरतो, आणि त्यात तिची काही चूक नाही.

तरी यातून वाट निघते, पाणी न सांडता. पिंपांची पाळी लावायची: एका फेरीत एकच पिंप पुरतं संपवायचं, त्याचं पाणी धुण्याला, फरशीला, तुळशीला. ते रिकामं झालं की आतून काथ्याने घासायचं, विशेषतः पाण्याच्या रेघेवर. नुसतं विसळून अंडी निघत नाहीत. पुढच्या फेरीला दुसरं पिंप. झाकण घट्ट बसत नसेल तर जुन्या धोतराचं फडकं ताणून सुतळीने बांधायचं. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडायचे, ते अळ्या खातात. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचं टायर यांना मात्र कसलीच माया दाखवायची नाही.

पाणी आवरलं की बाकीच्यांचं अर्धं काम आपोआप होतं. झुरळ उपाशी बरेच दिवस काढतं, पण तहान त्याला फार दिवस सोसत नाही. रात्री मोरी कोरडी आणि गळका नळ दुरुस्त, एवढ्यावर ते शेजार शोधतं. झुरळ कमी झालं की त्याच्यामागे येणारा विंचू कमी होतो. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव असा की ती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, तिच्यावरच्या भिंतींना भेगा पडतात, आणि भेग म्हणजे विंचवाचं दार. दिवाळीच्या रंगाआधी त्या बुजवायला हव्यात, नुसता रंग ओढून भागत नाही. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी वापरून कित्येक जीव वाचवले. दंश झाला तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. पण चप्पल झटकून घालायला कुठल्या डॉक्टरने सांगायला नको.

हे सगळं एका वाक्यात सांगायचं तर साठवा, पण साठवलेलं हलतं ठेवा. नवी ज्वारी यायच्या आत जुनी संपवा, नवं पाणी यायच्या आत जुनं वापरा, अंगावर न येणारं कापड ज्याच्या अंगावर येईल त्याला द्या. याच जिल्ह्यात, मंगळवेढ्यात, दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं भुकेल्यांना उघडून दिल्याची कथा घरोघर सांगतात. बादशहाचा हिशेब पुढे विठ्ठलाने चुकता केला म्हणतात. त्या कथेत सोंड्यांचा उल्लेख कुठेच नाही, पण त्या वर्षी मंगळवेढ्याच्या कोठारात किडक्या ज्वारीची तक्रार कुणी केली नसणार, एवढं मी पैजेवर सांगतो.