हालचालीच्या टोकाशी

डिचोलीतल्या माझ्या दवाखान्यात माणसे एक्स-रेचा लिफाफा टेबलावर ठेवतात आणि निश्चिंत होतात. त्यात हाडे दिसतात. त्यांना बांधणारे अस्थिबंध, गुडघ्यातल्या कूर्चेच्या चकत्या, खांद्याभोवतीची पिशवी यांतले काहीच दिसत नाही. आम्हा फिजिओथेरपीवाल्यांचे काम बहुतेक त्या न दिसणाऱ्या भागाशी, आणि तो हातानेच वाचावा लागतो.

पेशंटने अंग सैल सोडायचे, सांधा मी फिरवायचा. तो थांबला की किंचित दाब देऊन कशाने थांबला ते ओळखायचे. जेम्स सिरिॲक्स या ब्रिटिश डॉक्टरने विसाव्या शतकात या स्पर्शांची वर्गवारी केली. कोपर सरळ केले की हाडाला हाड लागते, टक्क. गुडघा दुमडला की पोटरी मांडीला टेकते, मऊ. खांदा बाहेर वळवताना मात्र ओला काथ्या ताणावा तसा, हळूहळू आवळत जाणारा अडसर, तो पिशवीचा. गुडघा सरळ होता होता उसळून मागे आला, तर चकती फाटून अडकल्याचा संशय घ्यावा. मला धास्ती वाटते ती रिकाम्या टोकाची. हाताला काहीच अडत नाही, तरी पेशंट कळवळतो. तिथे मी हात काढते आणि बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पाठवते.

"बाय, हात वर जायना," पेडण्याकडचे एक वयस्क पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, म्हणाले. माड चढून गुडघे गेले असतील असे कुणालाही वाटेल. यांचा खांदा आखडला होता. हाड सरकले म्हणून आधी हाडवैदाकडे जाऊन आले होते. हाड जागच्या जागी होते. हात वर जाईना, पण त्याहून कमी तो बाहेर वळत होता. पिशवी आवळली की असेच होते. मी रक्तातली साखर तपासायला सांगितली, ती वाढलेली निघाली. मधुमेह्यांचे खांदे जास्त गोठतात, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे देशातले सर्वाधिक प्रमाण गोव्याचे होते, २६.४ टक्के.

"तेलान चोळलां तर?" त्यांनी विचारले. चोळल्याने बरे वाटते, पण तेल पिशवीपर्यंत पोचत नाही. हिसका तर मुळीच द्यायचा नाही. व्यायामाला घरातली कुठलीही काठी चालते: ती दोन्ही हातांत धरून, कोपर कुशीला चिकटवून, चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलायचा, ताण जाणवला की तिथेच थांबायचे. वर्षभर लागेल म्हटल्यावर ते माडांचा हिशोब करू लागले.