टाकीचा पोचा
हंड्याला पोचा पडला तर तांबट आतून लोखंडाचा आधार देतो, बाहेरून ठोकतो आणि काम संपवतो. मोटरसायकलच्या टाकीला ती सोय नाही. दाबून घडवलेले पत्रे कडेने जोडलेले, पोटाखाली चेसीवर बसायला बोगदा, आणि आत जायच्या वाटा दोनच: झाकणाचं तोंड आणि खालचं कॉकचं भोक. मडगार्ड सफाईने सरळ करणारे कारागीरही म्हणूनच टाकी पुढे आली की मागे सरकतात.

जुनी येझदी किंवा आरएक्स १०० घेऊन येणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, ‘लांबी भरा आणि रंग मारून द्या.’ तसं करता येतं, दिसतंही छान. पण लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेला की इंजिनाची थरथर आणि ऊन यांपुढे ती टिकत नाही. तडा जातो, झाकणापाशी सांडलेलं पेट्रोल त्यात उतरतं आणि रंगाला फोड येतात. येझदी बनवणारा मैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला. अशा गाडीची मूळ टाकी लांबीखाली गाडून टाकणं मला पटत नाही.

पत्रा आत जातो त्याला एक क्रम असतो. आधी मधला भाग बसतो, मग भोवती कड उठते. काढताना उलटं चालायचं. मधे रंग खरवडून छोट्या पिना वेल्ड करायच्या, सरकत्या वजनाच्या पुलरने त्या हळूहळू ओढायच्या आणि ताण धरलेला असतानाच उठलेल्या कडेवर हलके ठोके द्यायचे. घडीच्या जागी पत्रा कडक झालेला असतो. तिथे घाई केली तर तो चिरतो.

कुठे थांबायचं ते तळहात सांगतो. हाताखाली पातळ सुती फडकं धरून टाकीवरून फिरवलं की नजरेला न दिसणारा उंचवटा बोटांना कळतो. पाणी मारून टाकी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की उजेडाची रेष जिथे वाकते, तिथे काम बाकी आहे. पत्रा ताणला गेला असेल तर अंगठ्याने दाबताच ‘टक्’ करून आत जातो आणि सोडताच बाहेर येतो. अशा जागी ठोकलं तर तो आणखी ताणतो. गॅसने तिथे नाण्याएवढा ठिपका लाल करायचा आणि लगेच ओलं फडकं दाबायचं. पत्रा आवळतो.

वेल्डिंग आणि गॅस दोन्ही आले म्हणजे टाकीजवळ आग आली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे झाकण उघडं ठेवलं तरी तळाशी बसून राहते. म्हणून आधी कॉक काढून साबणाच्या गरम पाण्याने टाकी पुन्हा पुन्हा खळबळून घ्यायची. मग भोक बंद करून, काम करायची जागा वर येईल अशी ती ठेवायची आणि तिथपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे आत वाफेला जागाच उरत नाही.

पोचा राहिला तरी गाडी धावते. टाकी कुणाकडेही द्या, पण धुऊन पाणी भरल्याशिवाय कोणी तिच्यावर गॅस पेटवत असेल, तर ती उचला आणि घरी घेऊन या.