तारेऐवजी नळी

जुन्या वस्तूत बदल करावा की ती आहे तशी ठेवावी, हा वाद आपल्या घरांना नवा नाही. वाड्याच्या माडीवर स्नानगृह बांधताना आणि बंबाच्या जागी गिझर बसवताना तो आपण सर्वांनीच ऐकला आहे. या वादातले तारतम्य आम्हांस उमगले ते मात्र जर्मनीत, स्टुटगार्ट येथे कन्येकडे राहावयास गेलो असता, आणि तेही एका मोटारीच्या क्लचवरून.

मोटार १९८४ सालची पोर्श ९११. स्टुटगार्ट हेच या गाडीचे माहेर. हिची पेडले पुढे आणि इंजिन पार मागे. दोन आसांमधील अंतर २२७२ मिलिमीटर. त्या काळच्या ९११ मध्ये डाव्या पायाचा जोर एका तारेमार्फत, गाडीच्या तळातील बोगद्यातून, मागच्या गिअरबॉक्सपर्यंत जात असे. तार जुनी झाली की घर्षण वाढते आणि पेडल जड होते. १९८७ च्या मॉडेलपासून कंपनीने जी-५० ही नवी गिअरबॉक्स आणली आणि तिच्याबरोबर तार जाऊन द्रवदाबाचा क्लच आला.

शस्त्रक्रियेनंतर कन्येचा डावा गुडघा पूर्वीसारखा राहिला नव्हता. गाडी विकावी किंवा क्लच हलका करावा, एवढेच तिच्या हाती होते. जावईबापूंच्या मनात जी-५० सकट सारेच बदलावे असे होते. परंतु त्या गिअरबॉक्सला जागा करून देण्यासाठी, मागील सस्पेन्शनचा भार पेलणारी टॉर्शन बारची आडवी नळी कापून बदलावी लागते. आणि ती तर गाडीच्या सांगाड्याचाच भाग. “बाबा, एकदा कापले की कापलेच,” कन्या म्हणाली. अखेर जुनी ९१५ गिअरबॉक्स ठेवावी आणि तारेचे काम तेवढे द्रवाकडे सोपवावे, असे ठरले.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा (१६२३–१६६२) नियम आपण शाळेत शिकलो. तारेला प्रत्येक वळण जाचते. द्रवाला त्याचे फारसे काही वाटत नाही. पेडलापाशी मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर, आणि मध्ये नळी. पहिल्याचा व्यास १५.८७ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा १९.०५ घेतला, तर क्षेत्रफळ १.४४ पट होते व जोरही तितकाच वाढतो. मात्र सरक त्याच प्रमाणात घटते. द्रव फुकट काही देत नाही. पायाचे कष्ट वाचवायचे तर पाऊल अधिक दूर न्यावे लागते. आणि फार हाव धरली तर क्लच पुरता सुटत नाही व गिअर कुरकुरतात. दोन संध्याकाळी दोघेही वही घेऊन हेच गणित मांडीत होती.

खरी कसोटी नळीच्या मार्गाची. बोगद्यात गिअरची दांडी, इंधनाच्या नळ्या यांची आधीच दाटी. तांबे-निकेलची ३/१६ इंची नळी कोठेही घासू नये म्हणून जागोजाग चिमट्यांनी बांधली. मागे ती एक्झॉस्टच्या धगीपासून दूर नेली. इंजिन रबरी आधारांवर हलत असते, म्हणून शेवटचा वीतभर भाग लवचीक घेतला. डॉट ४ चे ब्रेक ऑइल कोरडे असता किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतील ओलावा शोषते आणि मग ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. ते उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पेडल पोकळ जाते. अडकलेली हवाही तेच करते. म्हणून बुडबुडा दडून बसेल असा उंचवटा मार्गात कोठेच ठेवला नाही. ऑइलची टाकीही ब्रेकहून वेगळी ठेवली. क्लच गळला तरी ब्रेक शाबूत राहावेत, हा हेतू. हवा काढताना कन्या पेडलावर, जावईबापू गाडीखाली, आणि टाकीत ऑइल भरण्याचे काम आमच्याकडे.

तिकडे असा बदल तपासून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावा लागतो. तेही झाले. पेडल फुलासारखे हलके झाले नाही. परंतु शहराच्या गर्दीतून कन्या पुन्हा स्वतः गाडी चालवू लागली.

तीन-चार पिढ्यांपूर्वी घाट उतरून, नद्या ओलांडून आलेल्या आपल्या घराण्यांनी पुष्कळ काही बदलले. बाजाराची बोली घरात आली, पानातले पदार्थ बदलले, सणांच्या रीती सैल झाल्या. त्यांत बहुतेक बदल कोणाचा ना कोणाचा भार हलका करण्यासाठीच होते, आणि त्यांचा खेद आम्हांस नाही. विचारावयाचे ते इतकेच, की सोय करून घेताना आपण सांगाडा कापला काय? मुलांना शेजारची भाषा सफाईने येऊ देणे निराळे, आणि आजीचे पत्र वाचण्यापुरतीही मराठी घरात न ठेवणे निराळे.

कन्येने ती जुनी तार पुसली, तेल लावून गुंडाळली आणि पेडलाच्या सुट्या भागांसह एका खोक्यात ठेवली. खोक्यावर कोणता बोल्ट कोठला, हे तिने मराठीत लिहिले आहे.